केरसुणीचा आदर्श पाठ

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात भाषण करताना टाळलं. बायकोला सांगायचं टाळलं, आणि ती गेली. मुलाने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमचा तो पाठ पुस्तिकेत छापलाय, त्या फोटोतली मुलगी कोण?" मी म्हणालो, होती एक विद्यार्थिनी. आणि सुनेकडे चहा मागितला.

आता वय झालं. आणि आता गप्प बसलो तर तो पाठ माझ्यामागेही चालत राहील. म्हणून लिहितो. पण त्या मुलीपर्यंत यायचं तर आधी माझ्या शाळेचा ओटा सांगावा लागतो.

नेवासा तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. मी चौथीत. दुपारची सुट्टी संपली की गुरुजी दारात उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "तू बाहेर बस. तुझं सामान घेऊन."

सामान म्हणजे शिंदीची वाळलेली पानं. सकाळी शाळेला येताना मी ओढ्यावरून आणलेला भारा डोक्यावर घेऊन यायचो. वर्गातली बाकीची मुलं हस्तव्यवसायाच्या तासाला टकळीवर सूत काढायची. मी बाहेर ओट्यावर केरसुण्या बांधायचो. शाळेसाठी, चावडीसाठी, गुरुजींच्या घरासाठी. पान काट्याने चिरायचं, मूठ जुळवायची, वाखाच्या दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दुसरं दोन्ही हातांनी आवळायचं. शिंदीचा काटा बोटात मोडला की दिवसभर ठणकतो. आम्ही मातंग. वडील लवकर गेले होते. घर आईच्या केरसुण्यांवर आणि दोरांवर चालायचं.

सूतकताई आटोपली की गणिताचा तास सुरू व्हायचा. माझा हस्तव्यवसाय मात्र संपायचा नाही. आतून अपूर्णांकांचा आवाज यायचा. फळा दिसायचा नाही.

एकदा दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना गावात दिपोटी म्हणत. गुरुजी त्यांना ओट्यावर घेऊन आले. माझी पाटी तपासायची असली की गुरुजी मला ती जमिनीवर ठेवायला लावायचे आणि मग उचलायचे. त्या दिवशी केरसुणी मात्र त्यांनी सरळ माझ्या हातातून घेतली. वर धरून दाखवली.

"बघा साहेब. पोराच्या हातात जन्माचं शिक्षण आहे. ह्याला पुस्तकाची काय गरज?"

साहेब हसले. दोन आमच्या घरीही पाठवा म्हणाले. माझ्याकडे बघून मान डोलावली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाने माझ्याकडे बघितलं होतं. मी पळत घरी गेलो आणि आईला सांगितलं. ती अंगणात पानं चिरत बसली होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही. बाकीची पोरं काय करत होती, एवढंच विचारलं. गणित, मी म्हणालो. आन् तू? मी बांधत होतो.

मग ती थांबली.

"फडा बांधाया शाळंत कशाला जाया लागतं? त्यो मी शिकीवते की. मी काय फी घेते व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या डोक्यावरचा भारा काढून घेतला. मोकळ्या हातानं जा, म्हणाली. मी गेलो. गुरुजींनी विचारलं, शिंदी कुठे आहे. मी म्हणालो, आणली नाही, मला आत बसायचंय. त्यांनी आधी छडी मारली, मग उन्हात उभं केलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई आली. शाळेच्या कुंपणाबाहेर, बाभळीखाली पाय पसरून बसली आणि केरसुणी बांधायला लागली. कोणाकडे काही मागितलं नाही. नुसती बसायची आणि उन्हात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायची. गुरुजींनी शिपाई पाठवला. ती त्याला म्हणाली, "कुंपनाच्या भायेर हाय मी. भायेर तर आमी हमेशाच असतो."

किती दिवस बसली, आता आठवत नाही. एके दिवशी गुरुजी कंटाळून म्हणाले, बस जा दाराशी. मी दाराशी बसलो. तिथून फळा दिसत होता.

मी शाळेत आत आलो तो असा. कुठल्या धोरणाने आलो नाही. आई उन्हात बसली म्हणून आलो.

पुढे मी डी.एड. झालो. जिल्हा परिषदेत लागलो. बदल्या होत होत संगमनेर तालुक्यातल्या एका बागाईत गावात आलो. ऊस, दूध, डाळिंब. लोकांच्या घरासमोर गाड्या. मला गावातल्या मधल्या आळीत खोली मिळाली. माझं आडनाव असं आहे की ते कुठल्याही समाजात खपतं. घरमालकाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नोकरीच्या कागदांवर माझी जात होती, गावात नव्हती. हेडमास्तरांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. सुखाने राहा."

सुखाने राहिलो. म्हणजे रोज जपून राहिलो. कोणी गाव विचारलं की तालुका सांगायचा. कोणी पाहुणे विचारले की शाळेचा विषय काढायचा. आई तिथे एकदाच राहायला आली. मी तिला एस.टी.तून उतरवून घेतानाच सांगितलं, इथं कोणाशी काही बोलू नकोस. ती म्हणाली, "मी काय बोलनार. मला कुठं बोलाया येतं." दोन दिवसांत परत गेली. नंतर कधी आली नाही. काही वर्षांनी वारली.

त्या काळात शिक्षणात नवे विचार आले होते. प्रशिक्षणात आम्हाला सांगत होते, मूल हे रिकामं मडकं नाही, ते घरून ज्ञान घेऊन येतं. परिसरातून शिकवा, अनुभवातून शिकवा. मी भारावून गेलो. आणि ते विचार मला आजही खोटे वाटत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या घराला बाग होती, त्यातले वडील ऑफिसला जायचे, आजी खुर्चीत बसून गोष्टी सांगायची. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तसं घर बघितलं नव्हतं. ती मुलं वाचताना अडखळायची. ते शब्द अवघड होते म्हणून नव्हे, त्या पुस्तकात त्यांना उभं राहायलाच जागा नव्हती. मी ठरवलं, त्यांचं घर वर्गात आणायचं.

मी एक पाठ तयार केला. नाव ठेवलं, घरातली शाळा. कुंभाराच्या मुलाने मडकं कसं होतं ते दाखवायचं. अल्ताफच्या वडिलांचा कापूस पिंजायचा धंदा होता, त्याने पिंजण आणायची. आणि वस्तीवरच्या काजलने केरसुणी बांधून दाखवायची. बाकीच्या मुलांनी निरीक्षण करायचं, प्रश्न विचारायचे आणि लिहायचं.

आता वाचताना कळतं ना, कुठे चुकलं ते? मला तेव्हा कळलं नाही. किंवा कळू दिलं नाही. तिघांनी करायचं आणि बाकीच्यांनी लिहायचं. अनिकेत हा गावातल्या मोठ्या बागाईतदाराचा मुलगा. त्याच्या घरचं काम मी वर्गात आणायला सांगितलं नाही. त्याच्या घरी अंगण कोण झाडतं, ऊस कोण तोडतं, हिशोब कोण करतं, हे कोणी विचारलं नाही. अनिकेतच्या हातात मी वही दिली. ओट्यावर बसलेल्या मुलानेच पुढे जाऊन दुसरा ओटा बांधला, आणि त्याला सुंदर नाव दिलं.

काजल वर्गात सगळ्यात पुढची होती. तीही चौथीतच. अपूर्णांकांची बेरीज ती तोंडी करायची. तिची आजी माझ्या आईच्या माहेरची होती, हे मला नंतर कळलं. आई आली तेव्हा आजीने तिला स्टँडवर ओळखलं होतं. दोघी माझ्या मागे बोलल्या असणार. त्यानंतर काजल माझ्याकडे बघून एक वेगळं हसायची. आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि आपण ते सांभाळतोय, असं. एकदा पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवताना ती हळूच म्हणाली, "गुर्जी, आजीनं इचारलंय, तुमची आई बरी हाय का?"

मी म्हणालो, "कोण आजी? जा, जागेवर बस."

ती बसली. परत तो विषय तिने काढला नाही. वर्षभर तिने ते कोणाला सांगितलं नाही. एवढीशी मुलगी माझी लाज सांभाळत होती.

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, सगळ्या शिक्षकांसमोर माझा आदर्श पाठ ठरला. नगरहून साहेब येणार होते. हेडमास्तरांनी भिंती रंगवून घेतल्या. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना त्या दिवशी घरी राहायला सांगितलं, ते तर नेहमीचंच होतं. आदल्या दिवशी सराव संपल्यावर काजल टेबलाशी आली.

"गुर्जी, मी फळ्यावर अपूर्णांक दाखवू का?"

"ते अनिकेत दाखवेल. तू तुझं दाखव."

"माझं म्हंजी?"

"केरसुणी."

"ती तर घरी बी करते," ती म्हणाली.

मी वाक्य ऐकलं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण मला उद्याची तयारी करायची होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला होता. मागे शिक्षक, बाजूला खुर्चीवर साहेब, दारात हेडमास्तर. मडकं झालं. पिंजण झाली. मग काजल. नवा फ्रॉक घालून आली होती. मी तिला वर्गाच्या मधोमध पोत्यावर बसवलं. तिने दोरी अंगठ्यात धरली. फ्रॉक वर सरकू नये म्हणून एका हाताने तो ओढायची आणि दुसऱ्या हाताने पानं जुळवायची. एका शिक्षकाने फोटो काढला. तोच तो पुढे पुस्तिकेत आला. त्यात तिची मान खाली आहे.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, हिच्या बोटांत शाळा आहे."

माझंच वाक्य. मी आदल्या रात्री तयार केलं होतं.

साहेब खूश झाले. म्हणाले, आता ह्या मुलीकडून बाकीच्यांनी शिकायचं. चला, कोण बसतंय हिच्याजवळ? कोणी उठलं नाही. साहेबांनी परत विचारलं. अनिकेतने शेजारच्याला कोपर मारलं आणि दोघं हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "आम्हाला काय करायचंय शिकून, आमच्याकडं बाई येती झाडायला." शिक्षकही हसले. मुलांचं बोलणं म्हणून हसले.

काजलने मान वर केली. तिने अनिकेतकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"गुर्जी, तुमी बसा की माज्याजवळ. तुमाला येतंय."

साहेबांना गंमत वाटली. गुरुजींना येतं? कसं काय?

"आजी म्हनती, गुर्जींच्या आईवानी फडा कुनाला जमत न्हवता."

तिने चहाडी केली नाही. तिला सोबत हवी होती. एवढ्या लोकांत ती एकटी पोत्यावर बसली होती, आणि त्या खोलीत तिच्या जवळचा माणूस एकच होता. तिने त्याला हाक मारली.

मला दारातले हेडमास्तर दिसले. खिडकीबाहेर उभा असलेला घरमालक दिसला, तो पाठ बघायला आला होता. खोली दिसली, आळी दिसली, उद्याची सकाळ दिसली. बसलो असतो तर काय झालं असतं? फार तर खोली गेली असती. वस्तीवर राहिलो असतो. माणसं राहतातच तिथे.

साहेबांनी विचारलं, "खरं का गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. "मला कुठलं येतंय. पोरगी काहीतरी बोलते. तिची आजी म्हातारी आहे, कोणालाही कोणीही समजते."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

काजल माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. अंगठ्यातली दोरी तिने सोडली. अर्धी बांधलेली केरसुणी उसवली, पानं पोत्यावर पसरली. मग उठली.

मी म्हणालो, "काजल, बस. पूर्ण कर."

"मी न्हाई बांधत."

"मग ते आवर आधी."

"तुमी आवरा," ती म्हणाली, आणि पानांवरून चालत दाराबाहेर गेली. हेडमास्तरांनी तिला वाट दिली.

मी पुढचा पाठ घेतला. घेतला मी. अनिकेतने फळ्यावर अपूर्णांक सोडवला, त्यात एक चूक होती, ती मी पटकन पुसली. साहेबांनी पाठीवर थाप मारली. हेडमास्तर नंतर कानाशी म्हणाले, "बरं सावरलंत." पानं शेवटी अल्ताफने गोळा केली.

ती परत शाळेत आली नाही. मी वस्तीवर गेलो नाही. चिठ्ठी पाठवली, हजेरी लावून जा म्हणून. काही दिवसांनी कळलं, मामाकडे श्रीरामपूरला पाठवली, तिथल्या शाळेत घातली. दाखला न्यायला आजी आली होती. मी ऑफिसमध्ये खाली मान घालून लिहीत होतो. ती माझ्या टेबलाशी थांबली. म्हणाली, "तुमची आई शाळंच्या कुंपनाशी बसली हुती, त्या टायमाला मी बी जाऊन बसले हुते येकदा तिच्यासंगं." आणि दाखला घेऊन गेली.

पाठाला बक्षीस मिळालं. शिक्षकांच्या पुस्तिकेत तो छापला गेला. मला लोक कार्यशाळांना बोलवायला लागले. मी जायचो. मुलाच्या घरचं ज्ञान, यावर बोलायचो. बोलताना लोक टाळ्या वाजवायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी मी पुढच्या मुद्द्यावर जायचो.

आता पुन्हा नवा अभ्यासक्रम आलाय. दप्तराविना दिवस आहेत, स्थानिक कौशल्यं आहेत. मागच्या वर्षी नगरहून फोन आला. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय. एका तरुण अधिकारी बाईंचा फोन होता. हुशार, प्रामाणिक मुलगी, तिच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. "सर, तुमचा घरातली शाळा हा पाठ आम्ही नव्या पुस्तिकेत पुन्हा घेतोय. शिक्षकांसमोर तुम्ही बोलाल का?"

मी हो म्हणालो. ह्या वेळी सांगायचंच होतं. जायच्या आधी प्रवरेकाठी फिरून शिंदी शोधली. आता ती फार राहिली नाही. पानं गच्चीवर वाळवली. सून विचारत होती हे कशाला, मी म्हणालो, शाळेचं काम आहे.

हॉल भरलेला होता. मला स्टेजवर खुर्ची होती. मी खाली उतरलो आणि फरशीवर बसलो. गुडघे मोडेनात. चप्पल काढली, दोरी अंगठ्यात धरली. हातांना सगळं आठवत होतं. बांधता बांधता मी सांगत गेलो. ओटा, दिपोटी, आई, काजल. तिने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. काही लपवलं नाही. केरसुणी पूर्ण झाली. मी ती समोर ठेवली आणि म्हणालो, हा पाठ पुस्तिकेतून काढा.

मग टाळ्या सुरू झाल्या. जोरात. लोक उभे राहिले. अधिकारी बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माइकवर म्हणाल्या, सर, अनुभवातून शिक्षण म्हणजे काय ते आज आम्हाला दिसलं. मागे वळून एकाला विचारलं, "व्हिडिओ घेतला ना रे?"

चहाच्या वेळी एक शिक्षक जवळ आले. मोकळा, हसरा माणूस. म्हणाले, "गुरुजी, हात काय सफाईदार आहे तुमचा. दोन आमच्या शाळेलाही द्या बांधून."

त्यांना माहीत नव्हतं ते काय बोलले. आजूबाजूचे प्रेमाने हसले.

मी अधिकारी बाईंना बाजूला घेतलं. पुन्हा सांगितलं, पाठ काढा. त्या गोंधळल्या. त्यांचा प्रश्न खरा होता. त्या म्हणाल्या, "मग सर, ह्या मुलांचं घर पुस्तकात यायलाच नको का? पुन्हा ते बागेवालंच घर छापायचं?"

मी म्हणालो, "येऊ द्या. पण अनिकेतचंही घर येऊ द्या. त्याचं अंगण कोण झाडतं ते त्याने वर्गात सांगू दे. केरसुणी बांधायची तर सगळ्या वर्गाने बांधावी, शिक्षकाने आधी. नाहीतर कोणीच नको. आणि फळा काजलला द्या."

त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाल्या. आत्ताची छपाईला गेलीय, सर.

मी घरी आलो. व्हिडिओ माझ्या मोबाईलवर माझ्या आधी पोचला होता. त्यात टाळ्या होत्या, केरसुणी होती. पाठ काढा, हे वाक्य कापलेलं होतं. म्हणजे माझी कबुलीही त्यांनी पाठासारखी वापरली. मी जिथून बाहेर पडायला बघतो, तिथेच मला हार घालून बसवतात.

आता माझं ठरलंय. पाठावरून माझं नाव काढा, असं मी लेखी कळवलंय. आणि ज्या शाळेत हा पाठ होणार असं कानावर येईल, तिथे मी जाऊन बसणार. कुंपणाबाहेर. बसायला सुरुवात केलीय. परवा एका शाळेत हेडमास्तर खुर्ची घेऊन धावत आले, सर, आत या, उन्हात का बसलात. मी खुर्ची घेतली नाही. वर्गाच्या मधोमध बसवलेल्या मुलीला फळ्याजवळ नेत नाहीत तोवर उठणार नाही, एवढंच सांगितलं. त्यांना राग आला. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. संध्याकाळपर्यंत बसलो. त्या दिवशी काही झालं नाही. उद्या दुसऱ्या शाळेत जायचंय. पाय दुखतात, बी.पी. वाढतं, तरी जाणार. मला आता कोणाच्या टाळ्या नकोत.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून होत नाही.

मी संगमनेरला राहतो. बी.पी.च्या गोळ्या एका दवाखान्याच्या मेडिकलमधून घेतो. तिथे काउंटरला काजल असते. फार्मसी शिकली. ह्यात माझा काही हात नाही. मला ओलांडून ती तिथे पोचली. पांढऱ्या कोटावर नाव लावलेलं असतं, पण ते वाचायच्या आधीच मी तिला ओळखलं होतं. कपाळ तेच, बघणंही तेच. तिने मला ओळखलं की नाही, ते मला कळत नाही. ती मला गुरुजी म्हणत नाही. काका म्हणते, सगळ्यांना म्हणते तसं.

दर महिन्याला मी वाक्य तयार करून जातो. मोठं काही नाही. फक्त, काजल, मला येत होतं. एवढंच. बाकीचं ती समजेल. रांगेत उभा असताना ते मनात म्हणत राहतो. हजार माणसांसमोर म्हटलंय, तिच्या एकटीसमोर म्हणवत नाही. हॉलमध्ये कबूल करणं सोपं होतं. तिथे ती नव्हती.

कालही गेलो. तिने गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली, पाकिटावर पेनने लिहिलं, माझ्याकडे सरकवलं. सकाळी एक, रात्री एक, काका. जेवणानंतर. मग तिने मान वर करून बघितलं. मागे लोक होते, तरी तिला घाई नव्हती. जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला वाटलं.

"अजून काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.